मोटरहोम बंद पडलं? आधी सांगा, गाडी बिघडलीये की घर

कुणी मला सांगितलं की आमचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बंद पडलं तर माझा पहिला प्रश्न हाच असतो, गाडी बिघडली का घर? कारण यात दोन वेगळ्या वस्तू एकावर एक बसवलेल्या असतात. खालची चेसिस आणि इंजिन बहुतेक वेळा एका कंपनीचं, वरचं घर दुसऱ्याच कंपनीनं बांधलेलं, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, फ्यूजचे डबे वेगळे, वॉरंटी वेगळी, आणि दुरुस्त करणारी माणसं तर अगदीच वेगळी. घर बिघडलं तर प्रवास चालू राहतो, फक्त आतली कुरकुर वाढते. गाडी बिघडली की मात्र भांड्याकुंड्यांसकट सगळा संसार रस्त्याच्या कडेला. आमचा नवरा दोन्हीला एकच शब्द वापरतो, "संपलं". पाण्याचा पंप विनाकारण गुरगुरला तरी संपलं आणि टेम्परेचरचा काटा लालकडे निघाला तरी संपलंच, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात मला सक्तीनं चालू करावा लागला.

आणि उन्हाळा हा दोघांचाही शत्रू आहे. इंजिन, टायर, ब्रेक, बॅटरी, फ्रिज, छतावरचा एसी, यातलं एकही असं नाही की ज्याला उष्णता आवडते. वर्षभर पार्किंगमध्ये उभी असलेली जड गाडी आपण वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत बाहेर काढतो, तिच्यात पूर्ण वजन भरतो, एसी लावतो आणि घाट चढवतो. मग ती कुरकुरली की आश्चर्य कसलं त्यात.

इंजिन तापण्यापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त लोक यालाच घाबरतात आणि घाबरून नको ते करतात. चढावर काटा वर सरकायला लागला की पहिलं काम एसी बंद, दुसरं काम हीटर फुल. हो, भर उन्हाळ्यात हीटर. पोरं ओरडतात, ओरडू देत, कारण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची थोडी उष्णता आपल्या अंगावर काढतो. तिसरं म्हणजे खालचा गिअर टाकून हळू चढायचं, वरच्या गिअरमध्ये रेटत बसायचं नाही, कारण इंजिनचे फेरे वाढले की पाण्याचा पंप जोरात फिरतो, आणि पंखा पट्ट्यावरचा असेल तर तोही. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे, त्याला त्याच्या गाडीत बसून माझ्या गाडीचा काटा दिसत नाहीये. आणि चढावर अचानक पुढून मोठ्ठी घरघर ऐकू आली तर दचकू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये तो फॅन क्लच लागल्याचा आवाज असतो, म्हणजे पंखा आता पूर्ण जोरात फिरतोय. खरं तर काटा वर जातोय आणि तो आवाज येतच नाहीये, तेव्हा काळजी करायची.

तरीही काटा खाली येत नसेल तर थांबायचं. इथे एक बारकावा आहे. वाफ नाहीये, पाणी गळत नाहीये, नुसताच काटा चढलाय, तर न्यूट्रलवर इंजिन दोन-चार मिनिटं चालू ठेवलेलं बरं, पाणी फिरत राहतं आणि हळूहळू थंड होतं. पण वाफ दिसली, खाली थेंब दिसले, किंवा काटा पार लालमध्ये गेला तर ताबडतोब बंद, तिथे दुसरा विचारच नाही. आणि रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हे सगळेच सांगतात पण का ते कुणी सांगत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव, आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साध्या हवेच्या दाबाला साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. पण झाकण आतला दाब वाढवून धरतं, बऱ्याच झाकणांचा दाब १५ पीएसआयच्या आसपास असतो, आणि त्या दाबाखाली तेच मिश्रण १२५ अंशांपर्यंतही उकळत नाही. म्हणजे आत ११५ अंशांवर गपचूप बसलेलं पाणी असतं, आणि तुम्ही झाकण सैल केलंत की त्याच क्षणी त्याला उकळायची परवानगी मिळते. मग ते सगळं तुमच्या हातावर आणि तोंडावर. मोठं इंजिन थंड व्हायला पाऊण तास, कधी तास लागतो, तेवढा वेळ सावली शोधा. थंड झाल्याशिवाय गार पाणीही ओतू नका, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो.

वाट बघताना डोकं मात्र चालवायचं, कारण गाडी कधी तापते यावरून कारणाचा बराच अंदाज येतो. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते पण पळायला लागली की ठीक, तर संशय पंख्यावर. हायवेवर वेगात असताना किंवा लांब चढावर तापते, तर रेडिएटर तुंबलाय का बघा. सकाळी निघाल्यानिघाल्या लगेच काटा वर, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, अडकलाय किंवा पाणीच नाहीये. रेडिएटर आतूनच तुंबतो असं नाही. पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्यामागे रेडिएटर, आणि दोघांच्या मधल्या फटीत किडे, धूळ, गवताचं भुसकट असं काय काय जाऊन बसतं. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. टॉर्च घेऊन वरून डोकावा आणि इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला हलक्या धारेनं पाणी मारा, प्रेशरचा फवारा नको, पत्र्याची पातळ पानं वाकतात. आमच्या एका उन्हाळ्यात गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलायला काढलाच होता, मी म्हटलं आधी एवढं धुऊन बघू, आणि त्या धुण्यानंतर काटा पुन्हा जागेवर. पंप आजही तोच आहे.

होजपाईप फाटला तर मात्र धुऊन काही होत नाही. त्यासाठी स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप मिळते, ती ताणून ताणून गुंडाळायची, आत पाणी भरायचं आणि हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जायचं. नुसतं साधं पाणी घालून तेवढं अंतर जाता येतं, नंतर कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या एवढं विसरू नका. मी बरोबर काय ठेवते असं विचारलंत तर ही टेप, दोन-तीन मापांचे क्लॅम्प, इंजिनचा एक जादा पट्टा, कूलंटचा कॅन, ऑइल, फ्यूजची डबी, मल्टिमीटर, चांगला टायर गेज. बास. लोक पान्ह्यांची आख्खी ट्रंक घेऊन फिरतात. पट्टा तुम्हाला स्वतःला बदलता येत नसला तरी जवळ ठेवाच, कारण रस्त्यावरच्या मेकॅनिकला काम येत असतं, नसतो तो पट्टा.

उतारावरची गोष्ट थोडक्यात. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा, वेग कमी करा, सोडा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत चालतो, केवढा फरक आहे बघा. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे आणि पेडल थेट जमिनीला. दोन वर्षांनी ते बदलून घ्या. जळका वास आला तर थांबा आणि चाकांवर पाणी न ओतता गार होऊ द्या.

आता टायर. माझ्या मते खरी भीती याची वाटायला हवी, इंजिनची नाही. इंजिन सांगून सवरून बंद पडतं, टायर न सांगता. मोटरहोमचे टायर सहसा झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात, कारण वर्षातले कितीतरी महिने गाडी एका जागी उन्हात उभी असते. खाचा नव्यासारख्या दिसतात आणि रबर आतून कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला एक लांब कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३२१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि दहा वर्षांचा असेल तर खाचा कितीही छान असोत, काढून टाका. हा कोड कधीकधी आतल्या बाजूला असतो, मग झोपा गाडीखाली, इलाज नाही.

हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी बघायची, थंड टायरवर. दुपारी पेट्रोलपंपावर बघितली तर आकडा वाढलेलाच दिसणार, आणि तो जास्त दिसतोय म्हणून लोक हवा सोडतात, हे तर आगीतून फुफाट्यात. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि तापलेला टायर वजनाखाली फुटतो. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक विसरलं जातं. बाहेरून सगळं टामटूम, आतल्यात हवा नाही, आणि सगळं वजन बाहेरचा एकटा घेतोय. हातोडी ठोकून आवाजावरून ओळखतो म्हणणारे असतात, मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या आणि गेज लावा, किंवा सरळ सेन्सर बसवा.

वजनाचं पण यातच येतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरून घाट चढताय म्हणजे धडधाकट दोन माणसं फुकट वर नेताय, ती सुद्धा बिनकामाची. पोचायच्या जागी पाणी मिळणार असेल तर टाकी पाव-अर्धीच ठेवा. आणि एकदा तरी पूर्ण सामान आणि सगळ्या माणसांसकट गाडी वजनकाट्यावर घाला, पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल ओव्हरलोड असं खूप वेळा निघतं.

टायर फुटलाच तर जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, गाडी सरळ ठेवायची, आधी ती सरळ राहू द्या मग ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि वेग आपोआप उतरला की कडेला घ्या. ट्रॅफिकच्या उलट्या बाजूच्या दारानं सगळे खाली, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण बऱ्याच मागे. गाडीच्या आत बसून वाट बघू नका, घर वाटत असलं तरी त्या क्षणी ते घर नाहीये. आणि प्रवासाला निघायच्या आधी एक बघून ठेवा, तुमच्या मोटरहोमला स्टेपनी आहे का? बऱ्याच गाड्यांना ती येतच नाही. मालकांना हे चाक फुटल्यावर कळतं. नसेल तर टायरचा पूर्ण साइझ आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) यांचा फोनमध्ये फोटो काढून ठेवा म्हणजे मदतीला येणारा योग्य टायर घेऊन येईल.

घराचे बिघाड मी तेवढे मनाला लावून घेत नाही, पण काही गोष्टी माहीत असल्या की निम्मे बिघाड बिघाडच राहत नाहीत. फ्रिजचंच बघा. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, आत अमोनिया आणि पाण्याचं द्रावण असतं, उष्णतेनं अमोनिया उकळतो आणि मग सगळा खेळ गुरुत्वाकर्षणावर चालतो. त्यामुळे गाडी तिरकी उभी असेल तर तो गार करत नाही, बिघडलेला नसतो, बिचाऱ्याला वाहता येत नसतं. आणि उष्णता मागच्या जाळीतून बाहेर पडते, तर ती बाजू दुपारच्या उन्हात असेल तर आत लोणी वितळणारच. फ्रिजची बाजू सावलीला येईल अशी गाडी लावा, मागे जाळीच्या आत १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवा, रात्रीच भरून गार करून ठेवा. मात्र अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळट डाग दिसले तर तो खरंच गेला, बंद करा, खिडक्या उघडा.

एसी बाहेरच्यापेक्षा साधारण दहा-बारा अंश गार करतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवली तर तो नापास होणारच. उन्हाळ्यात कॅम्पिंगच्या जागी सगळेच एसी लावतात आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर नुसता हुंकार देऊन थांबतो. त्याला तसंच रेटायचं नाही, जळतो. प्लगजवळ व्होल्टेज दाखवणारा मीटर लावा आणि पडलं की बंद करून सावलीत जाऊन बसा. जनरेटरचंही असंच, उंचीवर गेलं की हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण ३ ते ४ टक्के ताकद कमी होते, म्हणून खाली एसी ओढणारा जनरेटर डोंगरावर दमतो. आणि बंद पडलेल्या गाडीत खिडक्या उघड्या टाकून जनरेटर लावून झोपत असाल तर धूर कुठे जातोय ते बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर जनरेटर लावूच नका, इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

बॅटरीचं सोपं आहे. काही वेळ चार्जिंगविना शांत पडलेल्या लेड ॲसिड बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसत नसेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा. सकाळी इंजिनची बॅटरी उतरलेली आणि स्टार्टर नुसता टकटक करतोय, अशा वेळी डॅशबोर्डवर एक बटण शोधा. बऱ्याच मोटरहोमना घरची बॅटरी इंजिनला जोडून देणारं इमर्जन्सी स्टार्टचं बटण असतं. ते दाबून धरायचं आणि चावी फिरवायची. लोक तासन्‌तास मदतीची वाट बघत बसतात आणि बटण समोर असतं.

बाहेर सरकणारी खोली आत येत नसेल तर तो मात्र घराचा बिघाड असून गाडीचा बिघाड होतो, कारण ती बाहेर ठेवून चालवता येत नाही. आधी बॅटरीचं व्होल्टेज, मग फ्यूज, मग हँडल लावून हातानं फिरवायची जागा. ही जागा घरी, दुपारच्या निवांत वेळी शोधून ठेवा. आमच्याकडे ती पलंगाखालच्या कप्प्याच्या मागे निघाली, जिथे पोचायला पलंगावरचं सगळं खाली आणि कप्प्यातलं सगळं बाहेर काढावं लागतं, म्हणजे ज्याने हे डिझाइन केलं त्याने त्यात एक रात्र तरी राहून बघायला हवं होतं.

आता खरी कटकट, दुरुस्त कोण करणार? इंजिनवाला गॅरेजमध्ये घेत नाही कारण दार बुटकं किंवा लिफ्टवर वजन बसत नाही. मोटरहोमचा डीलर म्हणतो आम्ही फक्त वरचं करतो. मधल्या मधे आपण. अनुभवाने सांगते, इंजिन, ब्रेक, टायरसाठी ट्रक आणि डिलिव्हरी व्हॅनची कामं करणारं गॅरेज शोधा, त्यांना ही चेसिस रोजची असते. पार्ट मागवताना घराचं मॉडेल सांगू नका, चेसिस नंबर सांगा. घराच्या कागदावर एक वर्ष असतं आणि चेसिस कधीकधी त्याच्या आदल्या वर्षीची असते, मग आलेला पार्ट बसत नाही आणि अजून दोन दिवस गेले.

टोइंगवाल्याला फोन करताना नुसतं "गाडी बंद पडलीये" सांगितलं तर तो कारची क्रेन घेऊन येतो, बघतो, डोकं खाजवतो आणि परत जातो. लांबी, उंची, भरलेलं वजन, मागची चाकं ओढतात का पुढची, मागे जोडचाकं आहेत का, हे एका कागदावर लिहून सन वायझरच्या मागे चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीची उंची आठवत नाही. रोडसाइड असिस्टन्सचे कागद पण निघायच्या आधी वाचा, त्यात वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि आपली गाडी नेमकी तिच्या वर असते.

आणि बिघाड शुक्रवारी संध्याकाळीच होतो, याला काही शास्त्रीय आधार नाही पण मला पटलंय. सोमवारपर्यंत गॅरेज बंद. अशा वेळी सरळ विचारा, तुमच्या आवारात राहिलो तर चालेल का? बरेच जण हो म्हणतात, काही तर वायरही जोडून देतात. बंद पडलेल्या कारमधली माणसं हॉटेल शोधत फिरतात, आपण निदान आपल्या अंथरुणात असतो. आम्ही गॅरेजच्या मागे टायरच्या ढिगाशेजारी शनिवार-रविवार काढलेत, मुलीला ते आख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात आवडलं कारण तिथे एक मांजर होती. मोठ्यांचं तेवढं सोपं नसतं. उकाडा, वाट बघणं आणि "मी तेव्हाच म्हणत होते" हे तीन एकत्र आले की काय होतं ते सांगायला नको, म्हणून आम्ही ठरवलंय की गाडी उभी आहे तोवर कारण शोधायचं पण कुणामुळे ते नाही. ते घरी गेल्यावर. घरी गेल्यावर अर्थात कुणी विसरत नाही.

बुकिंगचं मात्र मनापासून सांगते. रोज वेगळ्या जागी आगाऊ पैसे भरून ठेवले असतील तर एक होजपाईप फाटला की पुढचे सगळे पत्ते कोसळतात, आणि मग माणूस अर्धवट दुरुस्त गाडी पळवतो. दर तीन-चार दिवसांमागे एक दिवस रिकामा ठेवा. काही मोडलं नाही तर झोपा.

गाडी हातात आल्यावर लगेच दोनशे किलोमीटरच्या टप्प्याला निघू नका. गॅरेजच्या आसपासच अर्धा तास फिरवा, जमलं तर एखादा चढ शोधा, परत येऊन जमिनीवर कोरडा पुठ्ठा टाका आणि थेंब पडतात का बघा. एसीचं नुसतं स्वच्छ पाणी पडतं, ते चालतं. हिरवं, गुलाबी, लाल किंवा तेलकट काही दिसलं तर आत जाऊन दाखवा, लाजायचं कारण नाही, पैसे दिलेत. चाक काढलं असेल तर ८० ते १०० किलोमीटरनंतर थांबून नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक ताकदीनं आवळणाऱ्या पान्ह्यानं, परत आवळून घ्या, रेंच नसेल तर कुठल्याही टायरवाल्याकडे पाच मिनिटांत होतं.